छावणी, टोचणी आणि संमती

या व्याख्यानमालेत राज्यांचा, लढायांचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास श्रोत्यांनी पुष्कळ ऐकला आहे. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, त्याचा प्रारंभ एका पेट्रोल पंपापासून करावा लागत आहे, याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी. २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या शहरात व जिल्ह्यात एक हुकूम निघाला. ज्याने करोनाची लस निदान एकदा तरी टोचून घेतली आहे, त्यालाच पेट्रोल, गॅसचे सिलिंडर आणि शिधापत्रिकेवरील धान्य द्यावे, असा त्याचा आशय होता. लेण्यांत आणि बीबीच्या मकबऱ्यात जावयाचे, तरी तोच दाखला. त्या वेळी राज्यात पात्र लोकांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना लस मिळाली होती आणि आपल्या जिल्ह्यात ते प्रमाण सुमारे ५५ टक्केच होते. प्रशासनाला घाई झाली होती ती यामुळे.

त्या दिवसांत पंपावर जी बोलणी कानांवर येत, ती दोन प्रकारची असत. एक म्हणे, “बरे झाले, आता तरी लोक शहाणे होतील.” दुसरा म्हणे, “अंग माझे, दंड माझा. मग सुई कोणाच्या हुकमाने?” आमच्या मते या दोन्ही बोलण्यांत तथ्य होते, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. तो करोनाने प्रथम उत्पन्न केला असेही नाही. निदान सव्वादोनशे वर्षे तो आपल्या देशात विचारला जात आहे, आणि त्याची पुष्कळशी उत्तरे आपल्याच महाराष्ट्रात, कधी शहाणपणाने तर कधी रक्त सांडून, शोधली गेली आहेत. त्याचा मागोवा घेणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम ज्या जागी आपण जमलो आहोत त्या जागेविषयी दोन शब्द. खाम नदीच्या अलीकडे जुने शहर आणि पलीकडे छावणी, हा भेद आपल्या अंगवळणी पडला आहे. शहर निजामाचे, परंतु छावणीत हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज राहत असे. तिचा खर्च निजामाचा आणि तिच्यावरील अंमलदार इंग्रज. १८५७ च्या जूनमध्ये याच छावणीतील घोडदळाने बंडाचा झेंडा उभारला होता, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच. आज आम्हाला छावणीच्या शौर्याविषयी बोलावयाचे नसून छावणी नावाच्या व्यवस्थेविषयी बोलावयाचे आहे. शहरात राहणारा मनुष्य नागरिक असतो. छावणीत राहणारा, मग तो शिपाई असो, धोबी असो वा भटारखान्यातला आचारी, हा एका शिस्तीचा भाग असतो. त्याच्या घराची, विहिरीची, शौचकूपाची आणि अखेरीस त्याच्या शरीराचीही तपासणी करण्याचा अधिकार वरिष्ठांकडे असतो.

हा अधिकार नुसत्या लहरीतून आला नव्हता. १८५७ नंतर इंग्लंडने हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. १८६३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मागील चाळीस वर्षांत गोऱ्या सैनिकांपैकी दर हजारी सरासरी ६९ माणसे दर वर्षी मरत होती, आणि त्यांतील बहुतेक शत्रूच्या गोळीने नव्हे तर पटकी, हगवण आणि ताप यांनी मरत होती, असे त्यात आढळले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी या प्रश्नावर लेखणी झिजवली. पुढील वर्षी, म्हणजे १८६४ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातील छावण्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. गटारे बांधली गेली, पाण्याची व्यवस्था सुधारली, मृत्यू कमी झाले. हे श्रेय द्यावयास आपण कचरू नये.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून छावणीच्या बाजारात राहणाऱ्या वेश्यांची नोंद करावी, ठराविक मुदतीने त्यांची शारीरिक तपासणी करावी आणि रोगी आढळल्यास त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या इस्पितळात ठेवावे, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. १८६८ च्या दुसऱ्या एका कायद्याने ती मोठ्या शहरांपर्यंत नेली. नाव नोंदवावयाचे ते बाईचे, शिपायाचे नव्हे. तपासणी व्हावयाची तिची, आणि बंद खोलीत राहावयाचे तेही तिने. तिला कोणी काही विचारल्याचे त्या व्यवस्थेत कोठेही दिसत नाही. इंग्लंडात जोसेफाइन बटलर या बाईंनी अशा कायद्यांविरुद्ध रान उठवले आणि १८८८ मध्ये हिंदुस्थानातील तो कायदा रद्द झाला. तथापि ‘दुसऱ्याच्या आरोग्यासाठी तुझ्या शरीरावर आमचा हक्क’ हे तत्त्व राज्यकर्त्यांच्या हाती एकदा आले ते आलेच.

आता टोचणीकडे वळू. श्रोत्यांपैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांच्या दंडावर देवी काढल्याची खूण बहुधा असेल. गावात ‘देवी डॉक्टर’ आला की आया पोरांना पोत्यांच्या आड लपवीत, हे आमच्या पिढीने घरोघरी ऐकले आहे. या खुणेचा आपल्या देशातील आरंभ मुंबईस झाला. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत जेन्नरच्या पद्धतीची गोस्तनदेवीची लस टोचली गेली आणि ती लागू पडली. बगदाद आणि बसरा येथून ती लस आली होती. त्या काळी ती टिकवावयाचे साधन म्हणजे मनुष्याचा दंड. एका मुलाच्या फोडातील लस दुसऱ्या मुलाला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी ती साखळी चाले. या तीन वर्षांच्या पोरीच्या दंडावरून ती इतर मुलांना दिली गेली आणि पुढे देशभर पसरली. तिचा उपकार लाखो लोकांवर झाला. पण तिला कोणी विचारले होते काय? तीन वर्षांच्या मुलाला विचारावयाचे तरी काय, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणून तर लहान मुलांच्या बाबतीत विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न त्या पहिल्या दिवसापासूनच उभा आहे. तो पुढे पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

१८८० मध्ये देवी काढण्याचा कायदा झाला. ठरावीक म्युनिसिपालट्यांत आणि छावण्यांत मुलांना देवी काढणे सक्तीचे करण्याचा अधिकार त्याने दिला. यात एक भेद होता आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शहराला हा कायदा लावावयाचा तर तेथील म्युनिसिपल सभासदांनी बहुमताने तशी मागणी करावयाची, मग ती जाहीर व्हावयाची आणि रहिवाशांना हरकत घेण्यास मुदत मिळावयाची. छावणीच्या बाबतीत सरकारची अधिसूचना पुरेशी होती. शहराला विचारावयाचे आणि छावणीला सांगावयाचे, अशी ही दोन शासनपद्धतींची वाटणी होती. पुढील शतकात रोगाची साथ आली की शहरांना छावणीसारखे वागवावयाचे, ही प्रवृत्ती वारंवार दिसते. तिचा सर्वांत भयंकर प्रयोग पुण्यास झाला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. उंदीर पडू लागले, माणसे पडू लागली, आणि निम्मी मुंबई गावाकडे पळाली. ही साथ पुढील काही दशकांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. ओडेसा येथे जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ तेव्हा हिंदुस्थानात पटकीची लस टोचीत होता. सरकारने त्याला मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांच्या साहाय्याने, त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. सशांवर प्रयोग झाले. पुढे माणसावर प्रयोग करावयाचा, तर कोणावर? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही नंतरच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा पुष्कळ मोठ्या मात्रेत. अंगात ताप भरला, वेदना झाल्या, पण तो सुखरूप राहिला.

वैद्यकाच्या नीतीमध्ये याहून स्वच्छ आरंभ असू शकत नाही. जो धोका दुसऱ्यास पत्करावयास सांगावयाचा, तो प्रथम आपण पत्करला. परंतु एका माणसाच्या अनुभवावरून लस रोग टाळते की नाही हे सिद्ध होत नाही, त्यासाठी पुष्कळ माणसे लागतात. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी टोचून घेण्यास संमती दिली. न टोचलेल्यांपेक्षा टोचलेल्यांत प्लेग आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. कागदावर हे कैदी स्वयंसेवक होते. पण श्रोत्यांनी विचार करावा, भिंतीच्या आत प्लेग आहे, दरवाजाला कुलूप आहे आणि समोर सरकारचा डॉक्टर उभा आहे. अशा वेळी कैद्याच्या मुखातून निघालेला ‘हो’ कितपत मोकळा असतो? आम्ही हाफकिनला दोष देत नाही. त्या कैद्यांना लसीने वाचवलेच. परंतु ‘हो’ म्हणण्याला किंमत येते ती ‘नाही’ म्हणण्याची सोय असली तरच, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढील वर्षीची एक हकीकत याहूनही विचार करावयास लावणारी आहे. गायकवाडांच्या बडोदे संस्थानात उंधेरा नावाचे एक गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग चालू असताना प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना टोचली नाही. एकच घर, एकच अन्न, तेच उंदीर; म्हणजे तुलना अगदी न्याय्य. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना झाला व २६ मेले. शास्त्राच्या दृष्टीने इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. या आकड्यांनी पुढे लाखो लोकांचा विश्वास मिळवला आणि प्राण वाचवले.

परंतु त्या २६ जणांकडेही आपण एकदा पाहिले पाहिजे. एकाच ओसरीवर भावाला लस मिळाली आणि बहिणीला मिळाली नाही. शास्त्राला ही विभागणी हवी होती, कारण तिच्यावाचून खरेखोटे ठरत नाही. आजही नव्या औषधाची परीक्षा याच मार्गाने होते: काहींना औषध, काहींना नुसते पाणी वा दुसरे जुने औषध. फरक इतकाच आणि तो फार मोठा आहे, की आज सहभागी होणाऱ्याला ‘तू दोहोंपैकी कोणत्याही बाजूस पडशील’ हे आधी समजावून सांगावे लागते, त्याची लेखी संमती घ्यावी लागते, नीतिसमितीची परवानगी लागते, आणि एका बाजूचा लाभ स्पष्ट दिसू लागला तर परीक्षा थांबवावी लागते. उंधेऱ्याच्या लोकांना यांपैकी कशाचेही संरक्षण नव्हते.

एकीकडे हे शास्त्र चालले असताना दुसरीकडे कायदा आपल्या चालीने निघाला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला योग्य वाटतील ते उपाय करण्याचा अधिकार, रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास खटल्यापासून संरक्षण. रोग्याच्या हक्काविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाती प्लेगचा कारभार आला आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या सुरू झाल्या. छावणीतले शिपाई शहरात शिरले, आणि त्यांनी शहराला छावणीसारखेच वागवले. देवघरात बूट गेले, सामान रस्त्यावर आले, माणसे बळाने इस्पितळांत आणि विलगीकरणाच्या झोपड्यांत गेली. स्त्रियांच्या अब्रूविषयीच्या तक्रारींनी शहर पेटले. परिणाम सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या हकीकतीतून आपण बहुधा एवढाच बोध घेतो, की परकी सरकार जुलमी होते. ते खरेच आहे. पण सरकारी अहवाल आणि ‘केसरी’चे अंक शेजारी ठेवून वाचले, की दुसरीही गोष्ट दिसते. रोग खरा होता, आणि रोग्याला वेगळे ठेवण्याची गरजही खरी होती. टिळकांनीही प्लेगची उपाययोजना नाकारली नाही. हिंदू रोग्यांसाठी इस्पितळ उघडण्याच्या कामी ते पुढे होते. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगच्या रोग्यांची सेवा केली आणि त्याच सेवेत रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग्याला घराबाहेर रँडच्या माणसांनीही नेले आणि सावित्रीबाईंनीही नेले. एकाच्या मागे बंदुकीचा दस्ता होता आणि दुसऱ्याच्या मागे माया होती. पहिल्याला पाहून लोक रोगी लपवू लागले. साथ आटोक्यात आणण्याच्या कामी सक्ती उपयोगी पडते, असे मानणाऱ्यांनी पुण्याच्या या लपवाछपवीचा विचार अवश्य करावा.

सरकारनेही धडा घेतला, परंतु अर्धवट. लस टोचून घेणे सक्तीचे करावयाचे नाही, असे ठरले. त्याऐवजी टोचून घेणाराला दाखला मिळे आणि तो दाखवला की विलगीकरणाच्या झोपडीतून सूट मिळे. मुंबईत तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतःला टोचून घेतले, आणि ते पाहून त्यांचे हजारो लोक पुढे आले. लोकांना राजी करण्याचे हे दोन मार्ग होते. आगाखानांचा मार्ग उदाहरणाचा आणि सरकारचा मार्ग आडवळणाच्या सक्तीचा. सव्वाशे वर्षांनी मुंबईच्या लोकलमध्ये दोन मात्रांचा दाखला आणि आपल्या पंपावर एका मात्रेचा दाखला मागितला गेला, तेव्हा या दुसऱ्या मार्गाचीच पुनरावृत्ती झाली. नाव ऐच्छिक, पण न घेतल्यास धान्य नाही, ही इच्छा कोणत्या प्रकारची, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

आता या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना प्लेगची लस टोचली गेली. ती मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतून गेली होती. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. चौकशी बसली, मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे प्रमुख होते. दोष प्रयोगशाळेचा मानला गेला. मागणी वाढल्यामुळे हाफकिनने लस बनविण्याची रीत बदलली होती आणि कार्बोलिक ॲसिड घालणे सोडले होते, हे त्याच्याविरुद्ध गेले. त्याला पद सोडावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे आली तरी तिचे वजन पडावयास वर्षे लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले आणि अखेर हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले, ते आजही आहे.

हाफकिनवर अन्याय झाला आणि तो दूर झाला, हे योग्यच घडले. परंतु या प्रकरणाचा विचार करताना आम्हाला नेहमी एक गोष्ट टोचते. शास्त्रज्ञाची अब्रू परत मिळविण्यासाठी चौकशा झाल्या, पत्रे लिहिली गेली, पार्लमेंटात प्रश्न निघाले. मुल्कोवालच्या एकोणीस जणांचा मात्र एकोणीस हा आकडाच तेवढा इतिहासात राहिला. चूक कोणाची, याचाच खल पाच वर्षे चालला. चूक कोणाचीही असो, ज्यांनी सर्वांच्या हितासाठी दंड पुढे केला त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांचे पाहावयाचे कोणी, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. दोषी ठरविणे हे एक काम आणि नुकसान भरून देणे हे निराळे काम, हा विवेक कायद्याला फार उशिरा सुचला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनी कैद्यांवर जे अघोरी प्रयोग केले, त्यांच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता निघाली. प्रयोगाला सामोऱ्या जाणाऱ्या मनुष्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तिचे पहिलेच तत्त्व. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये नीतिविषयक धोरण जाहीर केले आणि पुढे ते वेळोवेळी विस्तारले. इतके सगळे झाल्यावर भायखळ्याचा प्रश्न सुटला असे वाटावे. तो सुटला नव्हता.

२००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदे या जिल्ह्यांत, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून रक्षण करणारी लस सुमारे २४ हजार मुलींना टोचण्याचा एक प्रकल्प हाती घेतला गेला. मुली दहा ते चौदा वर्षांच्या. खम्मममध्ये त्यांतील पुष्कळ आदिवासी, वसतिगृहांत राहणाऱ्या. दोन्ही राज्यांत मिळून सात मुलींचे मृत्यू झाल्याचे उघडकीस आले आणि २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा संबंध लसीशी नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला, आणि तो मान्य करण्यास आमची हरकत नाही. ही लस उपयुक्त आहे, याविषयीही आम्हाला शंका नाही. परंतु त्याच चौकशीत, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीपुढे, एक गोष्ट स्पष्ट झाली. शेकडो संमतिपत्रांवर आईबापांची सही नव्हती. वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची होती. भायखळ्याच्या तुरुंगाला कुलूप होते. येथे कुलूप नव्हते, तरी मुलीच्या वतीने ‘हो’ म्हणणारा होता तिचा रखवालदारच. मुंबईच्या त्या तीन वर्षांच्या पोरीच्या वेळी उभा राहिलेला प्रश्न दोनशे वर्षांनी असा परत आला. २०१३ मध्ये औषधपरीक्षेत झालेल्या हानीच्या भरपाईचे नियम झाले आणि २०१९ मध्ये औषधपरीक्षांची नवी नियमावली आली, तिच्यामागे अशा अनेक प्रकरणांतून उठलेला गदारोळ आहे.

आता आपण पुन्हा पंपावर येऊ. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने १८९७ चाच चार कलमी कायदा लागू केला. लस आली ती पुण्याहून, आणि १६ जानेवारी २०२१ पासून ती टोचणे सुरू झाले. एका वर्षात माणसाने जे साधले ते हाफकिनच्या तीन महिन्यांइतकेच विलक्षण होते. आपल्या घाटीच्या डॉक्टर-परिचारिकांनी आणि छावणी परिषदेच्या दवाखान्यातील सेवकांनी त्या काळात जे श्रम केले, ते या शहराने विसरू नयेत. परंतु दाखल्यांच्या हुकमांविरुद्ध माणसे न्यायालयात गेली. लोकलच्या निर्बंधांची कार्यपद्धती मुंबई उच्च न्यायालयाने सदोष ठरवली. आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दीर्घ वादातील एक महत्त्वाचा निर्णय दिला. आपल्या शरीरावरील हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमात अंतर्भूत आहे, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. तथापि समाजाच्या आरोग्यासाठी सरकारला निर्बंध घालता येतील; मात्र ते प्रमाणात असले पाहिजेत आणि त्यांना पुराव्याचा आधार पाहिजे. न टोचलेला माणूस टोचलेल्यापेक्षा अधिक रोग पसरवतो, असा पुरेसा पुरावा तेव्हाच्या परिस्थितीत पुढे आलेला नाही, म्हणून असे निर्बंध मागे घ्यावेत, असे न्यायालयाने सुचवले. लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली ठेवावी, असेही सांगितले.

पंपावरच्या दोन्ही माणसांना या निर्णयात अर्धा-अर्धा न्याय मिळाला आहे. दंड तुझाच आहे, हे दुसऱ्याला सांगितले. आणि शेजाऱ्याचा प्राणही विचारात घ्यावा लागेल, हे पहिल्याच्या बाजूने मान्य केले. ज्या २१ व्या कलमाचा आधार न्यायालयाने घेतला, ती घटना घडविणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या छावणीलगतच नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभारले. हुकमावर चालणाऱ्या भूमीच्या शेजारी हक्कांची विद्या रुजली, हा योगायोग आपल्या शहराला अभिमान वाटावा असा आहे.

मुल्कोवालचा प्रश्न मात्र या निर्णयाने मिटला नाही. लसीनंतर दगावल्याचे म्हटले गेलेल्या तरुण मुलींचे आईबाप भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने असे म्हणणे मांडले, की लस घेणे ऐच्छिक होते, सर्व माहिती उपलब्ध होती, म्हणून सरकारवर भरपाईची जबाबदारी येत नाही. आईबापांनी दिवाणी दावा करावा. हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. अशी हानी कोट्यवधींत क्वचित एखाद्याला होते, हे खरे. पण म्हणूनच तिचा भार सर्वांनी मिळून उचलणे सोपे आहे. सर्वांच्या रक्षणासाठी दंड पुढे करा, असे सांगावयाचे, आणि एखाद्याला अपाय झाला की तुम्ही स्वखुशीने आला होता, असे म्हणावयाचे, यात संमती या शब्दाचा उपयोग ढालीसारखा होतो. संमती ही रोग्याच्या रक्षणासाठी निर्माण झाली. ती सरकारच्या किंवा डॉक्टरच्या बचावासाठी वापरली जाऊ लागली, तर तिचा अर्थच उलटा झाला.

येथे आमचा एक लहानसा अनुभव सांगतो. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या बाईंना शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयात नेले होते. रात्री एक मदतनीस इंग्रजीत छापलेले तीन पानी कागद घेऊन आला आणि “येथे, येथे आणि येथे सही करा” म्हणाला. बाईंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. “काय लिहिलंय त्यात?” असे त्यांनी विचारले. “काही नाही आजी, सगळेच करतात,” असे उत्तर मिळाले. त्यांनी सही केली. आम्हीही शेजारी उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली. तरी त्या रात्री झाले ते काय, याचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे. ती सही होती, संमती नव्हती. आणि त्या उणिवेत मदतनिसाइतकाच आमच्या मुकेपणाचाही भाग होता.

या सव्वादोनशे वर्षांचा निष्कर्ष काय, असे श्रोते विचारतील. लस टोचावी की न टोचावी, हा आमच्यापुढील प्रश्नच नव्हे. ती टोचावी. देवी या रोगाचे या देशातून १९७५ मध्ये आणि जगातून त्यानंतर थोड्याच वर्षांत उच्चाटन झाले, ते टोचणीनेच. आमचे म्हणणे इतकेच, की टोचणाऱ्या हाताने तीन गोष्टी केल्या पाहिजेत. माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे. ‘नाही’ म्हणण्याची वाट खरोखर मोकळी ठेवली पाहिजे. आणि अपाय झालाच तर त्याच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडता कामा नये. हाफकिनने पहिली सुई स्वतःला टोचली, आगाखानांनी आपल्या लोकांदेखत दंड उघडा केला, सावित्रीबाई रोग्याच्या उशाशी बसल्या. लोकांचा विश्वास अशा मार्गांनी मिळतो. पुण्यातील झडत्यांनी तो मिळाला नाही.

या गोष्टी नुसत्या कायद्याने येणार नाहीत. कायदा हक्क देतो, पण प्रश्न विचारावयाचा असतो तो आपणच. पुढल्या खेपेस दवाखान्यात कोणी कागद पुढे करील, तेव्हा आपण त्याला “यात काय लिहिले आहे, ते मराठीत सांगा” इतके शांतपणे म्हणावे. डॉक्टर सांगतील, बहुतेक डॉक्टर भले असतात आणि कोणी विचारले तर त्यांनाही बरे वाटते. आणि आपण स्वतः डॉक्टर, शिक्षक, वॉर्डन किंवा अधिकारी असू, तर विचारणाऱ्याचा राग मानू नये. १८८० च्या कायद्याने शहराला विचारले आणि छावणीला नुसते सांगितले. आज छावणीत राहणारा आणि शहरात राहणारा, दोघेही एकाच घटनेचे नागरिक आहेत. दोघांनाही विचारलेच पाहिजे.